चित्रातली फुले आणि मांडवातली फुले

ज्या ज्या गोष्टी माणसांची अभिरुची घडवितात, त्या सर्व समीक्षेचा विषय होऊ शकतात असे आम्ही मानतो. कादंबरी, नाटक, चित्रपट यांची चर्चा नियतकालिकांतून नित्य होत असते. परंतु घरोघर रोज पाहिला जाणारा आणि एका मोठ्या मंगलकार्याचे रूप ठरविणारा एक अवाढव्य चित्रसंग्रह आज अस्तित्वात आहे, आणि त्याच्याकडे समीक्षकाची दृष्टी क्वचितच वळते. विवाहातील पुष्परचनेची जी असंख्य छायाचित्रे आंतरजालावर साठविलेली आहेत, आणि ज्यांवरून आपल्या मुलामुलींच्या लग्नातील फुले हल्ली ठरविली जातात, त्या चित्रांविषयी आम्हांस येथे काही लिहावयाचे आहे.

ह्या चित्रांचा वापर कसा होतो हे वाचकांस ठाऊकच आहे. २०१० साली पिंटरेस्ट सुरू झाले आणि त्याच वर्षी इन्स्टाग्रामही आले. आवडलेले चित्र आपल्या नावाच्या फलकावर लावून ठेवावे, आणि त्या फलकाकडे पाहून पुढे बेत आखावा, अशी ही सोय आहे. एक चित्र आवडले असे कळविताच त्याच्या तोंडावळ्याची आणखी शेकडो चित्रे समोर येतात. लग्न ठरले की आठ-पंधरा दिवसांत वधूचा फलक भरतो, आणि मुहूर्त निघण्यापूर्वीच फुलांचा रंग निघालेला असतो. मग तो फलक सजावट करणाऱ्याच्या हाती जातो, व “अगदी असेच हवे” एवढी एकच सूचना त्यास मिळते.

महाराष्ट्राबाहेर नोकरीनिमित्त राहणाऱ्या आमच्या वाचकवर्गास हा विषय अधिक जवळचा वाटेल. बदलीच्या गावी लग्न करावयाचे तर माहितीचा फुलारी नसतो, वडीलधाऱ्या बायका दूर असतात, वधू एका शहरी, वर दुसऱ्या शहरी आणि आईवडील तिसऱ्या ठिकाणी असतात. अशा वेळी चित्र हाच एक सर्वांस समजणारा दुवा ठरतो. म्हणून चित्रांची थट्टा करून हा विषय निकालात काढता येणार नाही. चित्राकडून काय घ्यावे, आणि काय त्याच्याकडून मिळणे शक्यच नाही, एवढे तपासून पाहणे हेच आमचे प्रयोजन आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की चित्र पाहून फूल निवडण्याची प्रवृत्ती काही आजची नव्हे. १८४० च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीचा विवाह झाला, तेव्हा तिने मस्तकावर संत्र्याच्या फुलांचे वेटोळे धारण केले होते. त्या विवाहाची चित्रे छापून सर्वत्र पसरली आणि वधूने पांढरा पोशाख व संत्र्याचा मोहर ल्यावा ही इच्छा सामान्य घरांतही उत्पन्न झाली. पण संत्रे हे उबदार प्रदेशातले झाड. इंग्लंडात ते काचगृहावाचून वाढत नाही. मग मेणाची संत्र्याची फुले निघाली आणि कितीतरी वधूंनी ती हौसेने घातली. सुवास नाही, पाकळीचा ओलावा नाही. पण चित्राशी मात्र तंतोतंत जुळणारी. चित्र आधी आणि फूल मागून, असा क्रम लागला म्हणजे शेवटी फुलावाचूनही भागते, हे त्या मेणाच्या मोहराने दाखवून दिले. आपल्याकडील प्लास्टिकच्या मुंडावळ्यांना हसणाऱ्यांनी हा इतिहास आठवावा.

त्याहून जुने आणि अधिक बोधप्रद उदाहरण हॉलंडमधील पुष्पचित्रकारांचे आहे. सतराव्या आणि अठराव्या शतकांत त्या देशात फुलांच्या चित्रांचा एक थोर संप्रदाय निर्माण झाला. त्यांतील अनेक चित्रांत एकाच पात्रात वसंतारंभीचा ट्युलिप आणि भर उन्हाळ्यातला गुलाब शेजारी शेजारी उभे असतात. अशी रचना त्या काळी कोणत्याही बागेतून प्रत्यक्ष जमविता आली नसती. ह्या संप्रदायातील यान व्हान ह्यूसुम (१६८२-१७४९) हा मोठा चित्रकार प्रत्येक फूल समोर ठेवून रंगवीत असे. हवा तो पिवळा गुलाब मिळेना म्हणून चित्र पुढच्या ऋतूपर्यंत अडून राहिल्याचे त्याने आपल्या ग्राहकास कळविले होते. लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्याचे एक चित्र आहे, त्यावर १७३६ आणि १७३७ अशी दोन वर्षे लिहिलेली आहेत. ज्या गुच्छाकडे आपण क्षणभर पाहतो, तो जमण्यास दोन वर्षांचे ऋतू लागले होते.

ह्या चित्रांस आम्ही खोटी म्हणणार नाही. ऋतुचक्र एका चौकटीत आणणे हे चित्रकलेचे सामर्थ्यच आहे. प्रश्न निराळा आहे. ते चित्र फुलाऱ्यापुढे ठेवून “येत्या गुरुवारी सकाळी नऊपर्यंत असे करून द्या” असे त्या चित्राच्या मालकाने कधी म्हटले नाही. चित्र हे चित्र म्हणून पाहिले गेले. आज मात्र चित्राचे मागणीपत्रक झाले आहे, आणि सारा घोटाळा तेथून सुरू होतो.

आता आजच्या छायाचित्राचे थोडे वाचन करू. समजा, फलकावर एक रचना आहे: फिकट गुलाबी, भरगच्च पाकळ्यांची पिओनीची फुले, त्यांच्यामध्ये निळसर हायड्रेंजियाचे गेंद, खाली लोंबती हिरवी वेल, आणि पाठीमागून येणारा कोवळा प्रकाश. चित्र सुंदर आहे, याबद्दल वाद नाही. पण ह्या सौंदर्यापाठीमागे ज्या अटी आहेत त्या चित्रावर लिहिलेल्या नसतात. पिओनीस कडक थंडी लागते, आणि थंडी सरल्यावर मे-जूनच्या सुमारास ती काही थोडे आठवडे फुलते. आपल्या मार्गशीर्षातल्या लग्नासाठी ती हवी असेल तर त्या वेळी जेथे वसंत संपत आलेला असतो अशा न्यूझीलंड, चिली ह्या दक्षिणेकडील देशांतून ती विमानाने आणावी लागते. हायड्रेंजियाचा निळा रंग तर मातीवर अवलंबून असतो. आम्ल मातीत तेच झाड निळे फुलते आणि तशी माती नसेल तर गुलाबी. शिवाय हे फूल अतिशय तहानलेले. पाण्याचा पुरवठा थोडा तुटला की मान टाकते. हैदराबादेत वैशाखातल्या दुपारी उघड्या मांडवात ते तासाभरात कसे दिसेल, हे सांगावयास पुष्पशास्त्रज्ञ नको.

चित्रात वेळही दिसत नाही. ही छायाचित्रे बहुधा पाहुणे येण्यापूर्वी, फुले नुकतीच खोवलेली असताना घेतलेली असतात. तेथे गर्दी नाही, धूर नाही, अक्षतांचा सडा नाही, हार सावरणारी माणसे नाहीत. म्हणजे विवाह सुरू होण्याच्या आधीचा तो क्षण असतो, आणि आपण मात्र त्याकडे विवाहाचे चित्र म्हणून पाहतो.

त्या रचनेचा आधारही दिसत नाही. फुले हवेत तरंगल्यासारखी वाटतात, कारण आत पाणी शोषून घेणारा हिरवा फोम बसविलेला असतो. हा फोम १९५४ साली अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स याने शोधून काढला. त्यात काडी खोवली की कोणत्याही दिशेस ताठ उभी राहते, म्हणून सजावट करणारांचे काम त्याने फार सोपे केले. पण तो मातीत कुजून जात नाही, त्याचा बारीक चुरा होऊन राहतो. ह्याच कारणास्तव इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांत त्याचा वापर बंद केला. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून जपणाऱ्या घरात, कार्य आटोपल्यावर हा न कुजणारा ढीग कोठे जातो, असा प्रश्न विचारला जावा अशी आमची अपेक्षा आहे.

आणि आता तर ज्यांत फूल कधी नव्हतेच अशीही चित्रे ह्या संग्रहात मिसळली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने रचलेल्या ह्या प्रतिमांत कधी न फुललेल्या रंगांचे गुलाब आणि कोणत्याही वेलीवर न आढळणारी पाने दिसतात. २०२५ साली पिंटरेस्टने अशा चित्रांवर तशी खूण लावण्यास सुरुवात केली, ह्यावरूनच त्यांचे प्रमाण ध्यानात यावे. व्हान ह्यूसुम पिवळ्या गुलाबासाठी वर्षभर थांबला. ह्या यंत्रास थांबण्याचे कारणच नाही. तेव्हा फलकावर चित्र लावण्यापूर्वी ‘हे फूल कोठे तरी उगवते काय?’ हा प्रश्न आता केवळ वाक्चातुर्याचा राहिलेला नाही.

परंतु ह्या सर्व व्यावहारिक उणिवांपेक्षा आम्हांस एका साहित्यिक स्वरूपाच्या दोषाकडे अधिक लक्ष वेधावयाचे आहे. तो दोष म्हणजे अर्थाचा लोप. चित्र रूप दाखविते. त्या रूपाची निवड का झाली हे सांगत नाही. ह्यासाठी एका प्रसिद्ध पुष्पगुच्छाचे उदाहरण घेऊ. २९ एप्रिल २०११ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये राजपुत्र विल्यम आणि कॅथरीन मिडलटन यांचा विवाह झाला. वधूच्या हातातील गुच्छ शेन कॉनली याच्या योजनेप्रमाणे केलेला होता. तो लहानसा, पांढरा, ढालीच्या आकाराचा होता, आणि त्याची छायाचित्रे जगभर गेली. ज्यांनी त्याचे अनुकरण केले त्यांनी काय पाहिले? एक लहान पांढरा गुच्छ.

पण त्या गुच्छातले प्रत्येक फूल काही सांगत होते. त्यात लिली ऑफ द व्हॅली होती, कारण तो तिचा हंगाम. ‘स्वीट विल्यम’ नावाचे फूल होते. त्यात वराचे नाव गुंफलेले. आयव्हीची वेल होती, आणि मर्टलची डहाळी होती. ही डहाळी ऑझबर्न हाऊसच्या बागेतली, जेथे व्हिक्टोरिया राणीने १८४५ साली मर्टल लावविले होते. म्हणजे सासरच्या कुळातील जुन्या बागेचा अंश नव्या सुनेच्या हाती दिला गेला. ॲबेच्या आत शोभेसाठी जिवंत झाडे कुंड्यांतून उभी केली होती. आणि विवाहानंतर तो गुच्छ ॲबेमधील अज्ञात सैनिकाच्या समाधीवर ठेवण्यात आला. ही प्रथा १९२३ सालची. त्या वर्षी एलिझाबेथ बोज-लायन हिने आपल्या विवाहप्रसंगी तेथे गुच्छ वाहिला; तिचा एक भाऊ १९१५ साली पहिल्या महायुद्धात मारला गेला होता.

ऋतू, नाव, कुळाची बाग आणि मृताचे स्मरण, ह्या चारही गोष्टी त्या गुच्छात होत्या आणि चित्रात त्यांपैकी एकही दिसत नाही. ज्याने तो गुच्छ जसाच्या तसा दिल्लीत करविला, त्याने लिली ऑफ द व्हॅली परदेशातून मागविली असेल. पण वराचे नाव विल्यम नसता ‘स्वीट विल्यम’ कशासाठी? अनुकरण खरे करावयाचे तर त्या गुच्छाच्या रीतीचे करावे: आपल्या ऋतूतले, आपल्या घराशी नाते असलेले, आणि कार्य झाल्यावर कोणाला तरी देता येण्यासारखे फूल निवडावे. चित्राचे अनुकरण आणि रीतीचे अनुकरण ह्यांतील हा भेद वाङ्मयाच्या क्षेत्रातही आपण ओळखतो. परभाषेतील श्रेष्ठ कृतीचे शब्द उचलणारा लेखक आणि तिच्यापासून दृष्टी घेणारा लेखक ह्यांना आपण एका मापाने मोजीत नाही.

येथे एक आक्षेप येईल. “म्हणजे तुम्ही परक्या फुलांच्या विरुद्ध आहात, शेवंती आणि झेंडूच्या बाहेर आम्ही जाऊ नये, असेच ना?” तसे आमचे म्हणणे मुळीच नाही. ज्या झेंडूवाचून आपला दसरा आणि आपले तोरण पुरे होत नाही, तो मूळचा मेक्सिकोकडचा. निशिगंधही तिकडचाच. दोन्ही समुद्र ओलांडून आले आणि येथे इतके रुळले की त्यांचे परकेपण आज सांगूनही पटत नाही. पण ते आले बी आणि कंद होऊन. येथल्या मातीत, येथल्या पावसात, येथल्या माळ्यांच्या हातांखाली ते वाढले. देवघरात गेले, हारात गेले, मग आपले झाले. परके फूल ह्या वाटेने येत असेल तर त्याचे स्वागतच आहे. मावळातल्या हरितगृहांत वाढणारा गुलाब आणि जरबेरा ह्याच वाटेवर आहेत. आमचा आक्षेप आहे तो माती न लागताच, केवळ प्रतिमा म्हणून येणाऱ्या फुलाला.

उलट, चित्राचा एक मोठा उपयोग आम्ही मोकळेपणी मान्य करतो, आणि तो परप्रांतात राहणाऱ्यांसच अधिक कळेल. फुलांची नावे प्रांतागणिक फसवी असतात. बंगळूरच्या बाजारात ‘संपिगे’ मागितले तर सोनचाफा मिळतो. चेन्नईत ‘संपंगी’ म्हटले तर निशिगंध हाती येतो. तोच निशिगंध कन्नडमध्ये ‘सुगंधराज’ आणि कलकत्त्यात ‘रजनीगंधा’ होतो. आपली अबोली तमिळ आणि कन्नड मुलखात ‘कनकांबरम्’, ‘कनकांबर’ ह्या नावांनी वेण्यांत गुंफलेली दिसते. शेवंती कर्नाटकात ‘सेवंतिगे’ म्हणून ओळखीची राहते; बंगालात मात्र ‘चंद्रमल्लिका’ आणि हिंदी मुलखात ‘गुलदाउदी’ होऊन ओळख बदलते. अशा वेळी नाव सोडून चित्र दाखविणे हेच शहाणपणाचे. मराठी गृहिणी आणि तमिळ फुलारीण ह्यांच्यात दुभाष्याचे काम चित्राने चोख होते. तेव्हा चित्र हे शब्दासारखे वापरावे. पलीकडच्या माणसाने काही उत्तर द्यावे ह्या अपेक्षेने पुढे करावे. “हे मिळेल काय? नाही तर ह्याच्या जागी तुमच्याकडे काय घेतात?” एवढे विचारले की चित्राचा हुकूम संपतो आणि संभाषण सुरू होते.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ह्या चित्रांनी विवाहातील फुलाचे स्थानच पालटले आहे, आणि हा पालट आम्हांस सर्वांत गंभीर वाटतो. आपल्या जुन्या विवाहपद्धतीत फुले कोठे कोठे असत, ते आठवून पाहावे. वधूवरांच्या कपाळी मुंडावळ्या. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होताच एकमेकांच्या गळ्यात पडणारे हार. वधूच्या आणि करवल्यांच्या केसांत वेणी. दाराशी येणाऱ्या प्रत्येक सवाष्णीच्या हाती पडणारा गजरा, त्यासोबत अत्तराचे बोट आणि गुलाबपाणी. विहिणीचा मान म्हणून वेगळी राखलेली वेणी. दारावर झेंडू आणि आंब्याचे टाळे, तेवढी काय ती भिंतीची शोभा. बाकी सारी फुले माणसांच्या अंगावर किंवा हातांत असत. ती एकाने दुसऱ्यास दिलेली असत.

फलकावरील चित्रांत फुले कोठे आहेत? पाठीमागच्या भिंतीवर, छतावर, खांबांवर आणि रस्त्याच्या दोन्ही कडांस. ती वधूवरांच्या पाठीशी उभी आहेत, कारण छायाचित्र समोरून घेतले जाते. पाहुण्याने त्यांना हात लावू नये अशी अपेक्षा असते. वास तर चित्रात येतच नाही, म्हणून वासाचे फूल निवडण्याचे कारणही उरत नाही. मोगऱ्याचा गजरा छायाचित्रात एक पांढरी रेघ दिसतो. तो मागे पडला तर नवल नाही. अशा रीतीने फूल हे देण्याची वस्तू न राहता पाहण्याची वस्तू झाले, आणि त्याबरोबरच पाहुणाही बदलला. पूर्वी तो गजरा घेऊन, हुंगून, मिरवून कार्यात सामील होई. आता तो भिंतीपुढे रांगेत उभा राहून आपले छायाचित्र काढून घेतो. फुलांवरचा खर्च कदाचित पूर्वीच्या कितीतरी पट झाला असेल, पण घरी जाताना पाहुण्याच्या केसांत एक कळीही नसते.

ही गोष्ट परप्रांतातल्या मराठी घरासाठी अधिक महत्त्वाची आहे. तेथल्या लग्नाला शेजारी येतात, कचेरीतले सहकारी येतात. त्यांतले निम्मे आपली भाषा जाणत नाहीत. मंगलाष्टकांचा अर्थ त्यांना कळत नाही, अंतरपाट कशासाठी धरला हे शेजाऱ्यास विचारावे लागते. पण हाती दिलेला गजरा मदुरेच्या बाईस समजावून सांगावा लागत नाही. तिच्या गावच्या मल्लीला २०१३ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. फूल कसे पारखावे हे तीच आपल्याला शिकवील. बंगाली शेजाऱ्यास निशिगंधाचा हार पाहून आपल्याच घरचे लग्न आठवेल, कारण त्याच्याकडेही वधूवरांच्या गळ्यात रजनीगंधाच पडते. बोहागात गुवाहाटीस कार्य असेल तर करवल्यांच्या केसांत ‘कपौ’ फूल माळावे. हे ऑर्किड त्याच सुमारास फुलते, बिहूच्या नाचात मुली ते केसांत खोवतात, आणि आसामने त्यास आपले राज्यपुष्प मानले आहे. बदलीच्या गावी दहा वर्षे राहूनही त्या गावाचे एकही फूल ज्या घराच्या मांडवात शिरत नाही, त्या घराने तेथे केवळ नोकरी केली असे म्हणावे लागते.

आणि जी मुलगी दिल्लीत किंवा भोपाळात वाढली, जिने अबोलीची वेणी आजीच्या जुन्या छायाचित्रातच पाहिली, तिला “आपली परंपरा विसरलीस” असे म्हणणे अन्यायाचे आहे. तिला परंपरा हाताने कोणी दिलीच नाही. ती तिने चित्रांतून गोळा केली. तिच्या फलकाकडे रागाने पाहू नये. त्यात तिची उत्सुकता आहे आणि रंगाची जाणही असते. वडीलधाऱ्यांनी करावयाचे ते एवढेच, की तो फलक आणि ती मुलगी ह्यांना एका पहाटे फुलांच्या बाजारात घेऊन जावे. दिल्लीत गाझीपूरची मंडी आहे, कलकत्त्यास हावडा पुलाच्या पायथ्याशी मल्लिक घाट आहे, बंगळुरास कृष्णराजेंद्र बाजार आहे. ढिगांपुढे उभे राहून, मूठभर फुले ओंजळीत घेऊन, मग फलकावरचे चित्र पुन्हा पाहावे. त्या चित्रातला रंग ठेवावा, मांडणी ठेवावी, आणि फूल मात्र ढिगातून निवडावे. फिकट गुलाबी हवा असेल तर पिओनीचा हट्ट कशाला? गुलाब आहे, अष्टर आहे. निळ्यासाठी हायड्रेंजियाऐवजी जांभळा अष्टर पाहावा.

ह्यात पंचांगाचेही साह्य होते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मुहूर्त ठरला की ऋतू ठरतो आणि ऋतू ठरला की फुलांची निम्मी यादी आपोआप तयार होते. शेवंतीला दिवस लहान व्हावे लागतात, म्हणून मार्गशीर्ष-पौषात तिचा बहर. मोगरा उन्हाचा भुकेला, म्हणून वैशाखातले लग्न मोगऱ्याचे. थंडीत त्याच मोगऱ्यासाठी अडून बसले तर भाव गगनाला भिडतो आणि कळी मात्र बारीक मिळते. फलक प्रथम भरून मग पंचांग उघडण्यापेक्षा, पंचांग प्रथम उघडून मग फलक भरावा. एवढ्या एका उलटापालटीने बराचसा मनस्ताप आणि पुष्कळसा खर्च वाचेल.

शेवटी राहतो खर्चाच्या वाटपाचा प्रश्न. फुलांसाठी जी रक्कम काढून ठेवली असेल तिचा पहिला वाटा माणसांस द्यावयाच्या फुलांसाठी बाजूला काढावा: मुंडावळ्या, हार, वेण्या, आणि येणाऱ्या प्रत्येकीस गजरा. गुंफणारी बाई शक्य तर मांडवातच बसवावी. तिचे बोटांचे काम पाहावयास लहान मुले भोवती जमतात, आणि त्यांना फुलांची नावे कळतात. भिंतीची पाळी त्यानंतर. उरलेल्या पैशांत ती जेवढी सजेल तेवढी सजवावी, आणि सजवितानाच कार्यानंतर ती फुले कोणत्या देवळात, कोणत्या रुग्णालयात किंवा कोणाच्या खतखड्ड्यात जाणार हे ठरवून ठेवावे. चित्रसंग्रहाने आपल्याला हजारो सुंदर भिंती दाखविल्या, त्याबद्दल त्याचे ऋण मानू. गजरा कोणाच्या हाती द्यावयाचा, हे मात्र त्यास ठाऊक नसते. ते यजमानासच ठरवावे लागते.